डिजिटल आणि अ‍ॅनालॉग वेगळं करायचं, पण नेमकी तार कुठे तोडायची?

विलंबित_लय (धागाकर्ता)

मंडळी, घरच्या ऑडिओबद्दल एक प्रश्न बरेच दिवस छळतोय, म्हणून हा धागा. इथले जुने धागे चाळले, पण ते सगळे 'महागड्या केबलने फरक पडतो का' या वादात वाहून गेलेत. कृपया इथे तो विषय नको.

सेटअप साधा आहे. लॅपटॉपला यूएसबी डॅक (डिजिटल आकड्यांचा अ‍ॅनालॉग आवाज बनवणारी डबी), डॅकमधून आरसीए केबलने (नेहमीची लाल-पांढरी ऑडिओ केबल) एक जुना स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर. त्याच अ‍ॅम्पच्या दुसऱ्या इनपुटला रास्पबेरी पाय ४ (छोटा संगणक, पुढे नुसता 'पाय') आणि त्याच्या डोक्यावर बसणारा पीसीएम५१०२ए या डॅक चिपचा आय-टू-एस बोर्ड (आय-टू-एस म्हणजे चिपांमध्ये डिजिटल ऑडिओ नेण्याची पद्धत). तिसऱ्या इनपुटला टीव्ही, त्याला केबलवाल्याचा सेट-टॉप बॉक्स. अ‍ॅम्पला थ्री-पिन टॉप आहे, लॅपटॉपच्या चार्जरलाही. पायचा अडॅप्टर टू-पिन.

त्रास दोन प्रकारचा आहे. एक म्हणजे खालच्या पट्टीतली सततची भुणभुण. दुसरा, लॅपटॉप चार्जरवर असताना येणारी बारीक शिट्टी. माउस हलवला की तिचा पोत बदलतो! चार्जर काढला की शिट्टी पूर्ण जाते, भुणभुण कमी होते पण जात नाही.

माझं ऐकणं बहुतेक ख्यालाचं. विलंबितात गायक श्वास घ्यायला थांबतो तिथे फक्त तानपुरे उरतात, आणि नेमकं तिथे हे सगळं ऐकू येतं. लोक म्हणतात 'आयसोलेट करा', म्हणजे तांब्याचा जोड तोडून सिग्नल तेवढा पलीकडे न्या. पण काय आयसोलेट करायचं? यूएसबी? आय-टू-एस? की आरसीएमध्येच ट्रान्सफॉर्मर घालायचा? त्याने आवाज बिघडतो का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

डायोडमामा

चार्जर काढल्यावर शिट्टी गेली, म्हणजे अर्धं निदान तुम्हीच केलंय.

सर्किटच्या आकृतीत ग्राउंडची खूण सगळीकडे सारखीच काढतात. प्रत्यक्षात ती तांब्याची तार असते आणि तिला थोडा का होईना, रोध असतो. डिजिटल भागाचा प्रवाह ज्या तारेतून परत जातो त्याच तारेच्या आधाराने अ‍ॅनालॉग सिग्नल मोजला जात असेल, तर प्रवाहामुळे त्या तारेवर पडणारं व्होल्टेज गाण्यात मिसळतं. वाड्यातल्या सामाईक मोरीसारखं: वरच्या बिऱ्हाडाने बादली ओतली की खालच्यांच्या मोरीत पाणी चढतं.

आकडे घालून बघा. आरसीए केबलच्या जाळीचा (बाहेरचं तारांचं वेष्टन, तेच तिचं ग्राउंड) आणि दोन्ही टोकांच्या सांध्यांचा मिळून रोध ०.१ ओहम धरू. त्यातून फक्त १ मिलिअ‍ॅम्पिअर भलता प्रवाह गेला तर ०.१ मिलिव्होल्ट तयार होतात. डॅकचा पूर्ण सिग्नल २ व्होल्टचा. म्हणजे हा कचरा त्याच्या ८६ डेसिबल खाली. ऐकायला बरं वाटतं, पण १६ बिट सीडीची सैद्धांतिक पट्टी ९८ डेसिबलची आहे. आणि ख्यालात गायक काही सतत २ व्होल्टवर गात नाही.

तुमच्याकडे वेढा (ग्राउंड लूप) असा पडलाय: लॅपटॉपची अर्थिंग पिन, भिंतीतली अर्थिंगची तार, अ‍ॅम्पची अर्थिंग पिन, अ‍ॅम्पची बॉडी, तिथून आरसीएची जाळी, डॅक, यूएसबीचं ग्राउंड आणि परत लॅपटॉप. या वेढ्यात ५० हर्ट्झचा प्रवाह फिरतो, आणि त्याच रस्त्याने लॅपटॉपच्या पोटातला कचराही बाहेर पडतो.

शिट्टीबद्दल: हाय-स्पीड यूएसबी दर १२५ मायक्रोसेकंदांनी एक मायक्रोफ्रेम पाठवतं, म्हणजे सेकंदाला ८,०००. फुल-स्पीडमध्ये फ्रेम १ मिलिसेकंदाची, म्हणजे १,०००. मोबाइलवर स्पेक्ट्रम दाखवणारं एखादं अ‍ॅप घ्या आणि स्पीकरजवळ धरा. ८ किलोहर्ट्झवर सुळका दिसला तर चोर सापडला.

शंकासुर

एक बाळबोध शंका. चार्जर टू-पिन असेल तर अर्थिंगच नाही, मग वेढाही नाही. टू-पिन चार्जर घ्या, विषय संपला?

डायोडमामा

@शंकासुर, वेढा नाही पण गळती आहे. एसएमपीएस (स्विचिंग पद्धतीच्या) अडॅप्टरमध्ये मेन्सच्या बाजूपासून आउटपुटच्या बाजूपर्यंत एक वाय-कपॅसिटर टाकलेला असतो. स्विचिंगचा कचरा परत फिरवायला तो लागतोच. समजा तो २.२ नॅनोफॅरडचा आहे. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला जास्तीत जास्त सुमारे ०.१६ मिलिअ‍ॅम्पिअर त्यातून जातात. टू-पिन चार्जरवरच्या लॅपटॉपच्या धातूच्या बॉडीवरून बोट फिरवलं की खरखरीत लागतं आणि टेस्टर मंद पेटतो, त्याचं कारण हेच. हा प्रवाह जमिनीकडे जायला वाट शोधतो, आणि त्याला सर्वांत सोपी वाट सापडते तुमच्या आरसीएची जाळी आणि अर्थ केलेला अ‍ॅम्प.

५० हर्ट्झला हा कपॅसिटर जवळपास दीड मेगओहमचा अडथळा आहे. १ मेगाहर्ट्झला तोच फक्त ७२ ओहम उरतो. त्यामुळे 'अडॅप्टर आयसोलेटेड आहे' हे शॉक लागू नये एवढ्यापुरतं खरं. आवाजाच्या दृष्टीने ती भिंत नाही, जाळीचं दार आहे.

काळीचार

इलेक्ट्रॉनिक्समधलं मला ओ की ठो कळत नाही, पेटी वाजवते. पण भुणभुणीचा सूर मी सांगू शकते. ५० हर्ट्झ म्हणजे पांढरी पाच, तीही थोडी चढलेली. खरी पांढरी पाच त्या सप्तकात ४९ ला येते. आणि डायोडमामा म्हणतात तसा वेढा असेल तर १५० पण येत असणार. ५० ला सा मानलं तर १५० हा पंचम! म्हणजे घरात एक वेगळाच तानपुरा चालू, आणि तो आपल्या गायकाच्या पट्टीत कधीच नाही.

जर्सीसिटीकर

@काळीचार, भारी! आमच्याकडे ६० हर्ट्झ. म्हणजे काळी पाच आणि पांढरी सातच्या बरोब्बर मधे, कुठल्याच पट्टीत न बसणारा सूर. तुमची निदान पांढरी पाचच्या जवळ तरी आहे. :)

डायोडमामा

हसण्यावारी नेऊ नका, निदानाला हे उपयोगी आहे. अ‍ॅम्पच्या आतले जुने फिल्टर कपॅसिटर सुकले असतील तर फुल-वेव्ह रेक्टिफायरनंतर उरणारा आवाज मुख्यतः १०० हर्ट्झचा असतो. वेढ्याची भुणभुण ५० आणि तिच्या विषम पटींची, म्हणजे १५०, २५०. सगळी इनपुटं काढल्यावरही भुणभुण राहिली तर आयसोलेशनचा विचार सोडा आणि अ‍ॅम्प उघडा.

बोर्डवाली

मी मिक्स्ड-सिग्नल बोर्डांचं लेआउट करते. ऑडिओ नाही, मोजमापाची उपकरणं. पण रोग तोच, म्हणून लिहिते. जरा लांबेल.

मूळ नियम एवढाच: शक्यतो डिजिटल सिग्नल असतानाच तार तोडा. डिजिटलमध्ये ० आणि १ ओळखता आले की झालं, मधल्या भिंतीने आकार थोडा बिघडवला तरी आकडे तेच राहतात. अ‍ॅनालॉगमध्ये तोडलंत तर मधला ट्रान्सफॉर्मर जे काही करेल ते सगळं ऐकू येतं. छोटे स्वस्त ऑडिओ ट्रान्सफॉर्मर खालच्या सुरांना सॅच्युरेट होतात. तबल्याच्या डग्ग्याची घुमक पहिली मरते. चांगले ट्रान्सफॉर्मर असतात, पण त्यांची किंमत डॅकपेक्षा जास्त निघू शकते.

टीव्हीसाठी फार डोकं लावू नका. ऑप्टिकल आउटपुट असेल तर तो वापरा. तोशिबाने १९८३ मध्ये आणलेली टॉसलिंक अजून तशीच चालते आहे: लाल प्रकाश, १ मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा तंतू, तांब्याचा संबंधच नाही. ९६ किलोहर्ट्झपर्यंत ती भरवशाने चालते, १९२ ला कधी चालते कधी नाही. टीव्हीला तेवढं लागतही नाही.

कोअ‍ॅक्सवरचं एसपीडीआयएफही (उपकरणांमधला डिजिटल ऑडिओ सिग्नल) तोडता येतं. त्याचं कोडिंग बायफेज मार्क पद्धतीचं आहे, त्यात डीसीचा भाग उरत नाही, म्हणून तो सिग्नल बोटाच्या पेराएवढ्या पल्स ट्रान्सफॉर्मरमधून सहज जातो. चांगल्या उपकरणांत तो आतच बसवलेला असतो, स्वस्त उपकरणांत पैसे वाचवायला गाळतात. मल्टिमीटर लावून कोअ‍ॅक्स सॉकेटची बाहेरची कडी आणि बॉडी यांत बीप येतो का ते बघा. बीप आला म्हणजे तिथे भिंत नाही.

आता यूएसबी. इथे आयसोलेटर डॅकच्या आधी बसतो. बहुतेक चांगले यूएसबी डॅक असिंक्रोनस असतात, म्हणजे घड्याळ डॅककडे आणि तोच लॅपटॉपला सांगतो की डेटा जास्त पाठव किंवा कमी पाठव. त्यामुळे आयसोलेटरने काठ थोडे पुढेमागे केले तरी आवाज बनवणाऱ्या घड्याळाला त्याचा पत्ताही नसतो. मात्र एक मेख आहे. बाजारात सर्रास मिळणारे आयसोलेटर एडीयूएम४१६० किंवा एडीयूएम३१६० चिपवर असतात आणि ती चिप १२ मेगाबिटच्या पुढे जात नाही. त्यात स्टिरिओ २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ बसतं. तुमचा डॅक ४८० मेगाबिटचा हाय-स्पीडवालाच असेल आणि त्याला खाली उतरता येत नसेल तर तो दिसायचाच बंद होईल. ४८० साठी नव्या चिप आहेत, उदाहरणार्थ आयएसओयूएसबी२११. घेताना आत कुठली चिप आहे ते विचारा, डबीवर काय छापलंय त्याला अर्थ नाही.

सर्वांत नाजूक जागा आय-टू-एस. फिलिप्सने १९८६ मध्ये ही पद्धत बनवली ती एकाच उपकरणाच्या आतल्या चिपांनी आपसांत बोलावं म्हणून. लांब तारांसाठी नव्हे. तीन तारा: बिट क्लॉक, डावा-उजवा क्लॉक आणि डेटा. ४४.१ किलोहर्ट्झला बिट क्लॉक साधारण २.८२ मेगाहर्ट्झ असतो, १९२ ला १२.२८८. जुना ऑप्टोकपलर (सिग्नल प्रकाशाने पलीकडे नेणारी चिप) ६एन१३७ हा १० मेगाबिटचा, तो इथे पुरा पडत नाही. डिजिटल आयसोलेटर चिप वापरायच्या. काहींत चिपवरच इवलेसे ट्रान्सफॉर्मर कोरलेले असतात, काहींत सिलिकॉन डायऑक्साइडच्या थराचे कपॅसिटर.

पण इथे घड्याळही भिंतीपलीकडून येतं, आणि आयसोलेटर त्याच्या काठांत थोडी थरथर घालतो. म्हणून योग्य रचना अशी की मास्टर क्लॉक डॅकच्या स्वच्छ बाजूला असावा, २२.५७९२ आणि २४.५७६ मेगाहर्ट्झचे दोन ऑसिलेटर, आणि पायने त्याच्या तालावर चालावं. किंवा आयसोलेटर ओलांडून आलेले तिन्ही सिग्नल डॅकच्या तोंडाशी स्वच्छ क्लॉकवर चालणाऱ्या फ्लिप-फ्लॉपमधून पुन्हा आखून घ्यावेत. तुमचा पीसीएम५१०२ए मास्टर होऊ शकत नाही. तो बिट क्लॉकवरून आपल्या आतल्या पीएलएलने (बाहेरच्या तालाशी जुळवून घेणाऱ्या सर्किटने) घड्याळ बनवतो, थरथर थोडीफार गाळतो, सगळी नाही.

आणि हे नीट वाचा, कारण निम्मे लोक इथेच फसतात. डेटाची तार तोडली आणि पॉवर एकच ठेवली, तर काहीही तुटलेलं नाही. तुमचा बोर्ड पायच्या डोक्यावर बसतो आणि त्याच पिनांतून ५ व्होल्ट घेतो. आयसोलेटर टाकायचा तर बोर्ड खाली उतरवा आणि त्याला स्वतःची पॉवर द्या.

विलंबित_लय

@बोर्डवाली, प्रतिसाद छापून भिंतीवर लावण्यासारखा आहे, अनेक आभार. पण वेगळी पॉवर म्हणजे? दुसरा अडॅप्टर लावला तर त्यालाही वाय-कपॅसिटर असेलच की.

बोर्डवाली

असेलच. म्हणून डॅकच्या बाजूला साधा लोखंडी ट्रान्सफॉर्मर आणि लिनियर (स्विचिंग न करणारा) रेग्युलेटर बरा. प्रायमरी आणि सेकंडरी शेजारी-शेजारी कप्प्यांत गुंडाळलेला ईआय ट्रान्सफॉर्मर घ्या. टोरॉइडल दिसायला देखणा, पण त्यात एका वाइंडिंगवर दुसरं बसतं आणि मधली कपॅसिटन्स वाढते. इथे जुना, ओबडधोबड प्रकारच सरस.

आयसोलेटेड डीसी-डीसी कन्व्हर्टरचे छोटे ठोकळे मिळतात, बी०५०५एस वगैरे. त्यांच्या दोन बाजूंमध्ये साधारण काही दहा पिकोफॅरड असतात. २० धरले तर १ मेगाहर्ट्झला ८ हजार ओहम. अडॅप्टरच्या ७२ ओहमपुढे खूपच चांगलं. पण ते स्वतः स्विचिंग करतात, तेव्हा त्यांच्यामागे थोडा फिल्टर आणि रेग्युलेटर लागतोच.

बाकी तुमच्या पायसाठी मी आधी आय-टू-एसला हातच लावणार नाही. पाय वाय-फायवर आहे ना? मग त्याला जगाशी जोडणाऱ्या तारा दोनच: अडॅप्टर आणि आरसीए. अडॅप्टरच्या जागी लिनियर सप्लाय लावून बघा, पाय ४ ला ३ अ‍ॅम्पिअरपर्यंत लागू शकतात हे धरून. भुणभुण गेली तर आयसोलेटरचे पैसे वाचले.

शंकासुर

+१. आणि लॅनची केबल लावली तरी चालेल. प्रत्येक इथरनेट पोर्टच्या आत ट्रान्सफॉर्मर असतोच, मानकच १,५०० व्होल्टच्या आयसोलेशनचं आहे. फक्त जाळी नसलेली यूटीपी केबल घ्या. जाळीवाली धातूच्या टोकांची केबल घेतलीत तर राउटरचं ग्राउंड जाळीतून परत घरात. 'ऑडिओ ग्रेड लॅन आयसोलेटर' विकणाऱ्यांनी ही गोष्ट गिऱ्हाइकाला सांगितलेली मी अजून पाहिलेली नाही.

एकूणच ज्यांच्याकडे काहीही ऐकू येत नाहीये, त्यांनी 'पार्श्वभूमी अधिक काळी झाली' छाप अनुभवासाठी हे उद्योग करू नयेत. स्पीकरला कान लावा, आवाज शेवटापर्यंत वाढवा, काहीच वाजत नसताना शांत आहे ना? झोपा मग.

बोर्डवाली

बऱ्यापैकी सहमत. एवढंच म्हणेन की डॅकच्या संदर्भ व्होल्टेजमध्ये घुसलेला कचरा काही वाजत नसताना ऐकू येत नाही, सिग्नल असताना विकृती म्हणून दिसतो. पण तो मोजून दाखवावा, 'वाटलं' म्हणून नाही.

नवशिक्या_ठाणे

इथेच विचारतो, वेगळा धागा नको. टीपीए३११६ चा क्लास-डी अ‍ॅम्प बोर्ड, २४ व्होल्टचा अडॅप्टर, त्यावरून बक कन्व्हर्टरने ५ व्होल्ट करून ब्लूटूथ मॉड्यूल. मोबाइल जोडला की चिर्र्र्र असा आवाज. ऑक्सला थेट मोबाइल लावला तर एकदम स्वच्छ. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराने 'मॉड्यूल बदल' म्हणून दुसरं दिलं, त्यालाही तेच.

सोल्डरगंध

अरे, मॉड्यूल बिचारं निर्दोष आहे. तुझ्या मॉड्यूलचं पॉवरचं ग्राउंड आणि ऑडिओचं ग्राउंड आतून एकच. अ‍ॅम्प बोर्डवरही दोन्ही एकच. म्हणजे मॉड्यूलच्या प्रवाहाला परत जायला दोन वाटा: पॉवरची तार आणि ऑडिओची जाळी. ब्लूटूथ रेडिओ झटक्याझटक्याने प्रवाह ओढतो. त्यातला काही हिस्सा ऑडिओच्या वाटेने जातो, तेच तुझं चिर्र.

बक कन्व्हर्टरच्या पुढे एक बी०५०५एस लाव. इनपुट ५ व्होल्ट, आउटपुट आयसोलेटेड ५ व्होल्ट, १ वॅट म्हणजे २०० मिलिअ‍ॅम्पिअर, मॉड्यूलला पुरे. आता मॉड्यूल आणि अ‍ॅम्प यांत ऑडिओ केबल सोडून दुसरी कुठलीही तार राहता कामा नये. मॉड्यूलचा अँटेनाचा धातू किंवा स्क्रू डब्याला टेकत नाही ना तेही बघ, नाहीतर मागच्या दाराने पुन्हा जोडलं जातं. आउटपुटला थोडासाच कपॅसिटर लाव. मोठा लावलास तर ठोकळा सुरूच होत नाही, डेटाशीटमध्ये कमाल मर्यादा दिलेली असते.

बुधवार पेठेत किंवा लॅमिंग्टन रोडला ही वस्तू नावाने मागितली की मिळते.

डायोडमामा

आणखी एक युक्ती, फुकटातली. टीपीए३११६ चं इनपुट मुळात डिफरेन्शियल आहे, प्रत्येक चॅनलला अधिक आणि उणे. तयार बोर्डांवर उणे पिन कपॅसिटरमधून तिथल्या तिथेच ग्राउंडला टाकलेली असते. ते टोक उचलून वेगळ्या तारेने थेट मॉड्यूलच्या ऑडिओ ग्राउंडला ने. मग दोन ग्राउंडांत जो फरक पडेल तो दोन्ही पिनांवर सारखाच येतो आणि चिप तो वजा करते. आयसोलेशन नाही हे, पण वेढा असूनही त्रास कमी. स्टुडिओतल्या बॅलन्स्ड केबलमागे हीच कल्पना. एसएमडी कपॅसिटर उचलायला हात स्थिर हवा, नाहीतर बी०५०५एसच बरा.

विलंबित_लय

यावरून आठवलं, बोर्डवरच एजीएनडी (अ‍ॅनालॉग ग्राउंड) आणि डीजीएनडी (डिजिटल ग्राउंड) असे दोन वेगळे भाग करून एका ठिकाणी जोडतात, त्याचा फायदा होतो का? मी स्वतःचा डॅक बोर्ड काढायचा विचार करतोय.

बोर्डवाली

पहिल्याच बोर्डला ग्राउंड कापू नका. कापलेल्या फटीवरून एखादी ट्रेस (बोर्डवरची तांब्याची रेघ) गेली की तिच्या परतीच्या प्रवाहाला लांबचा वळसा पडतो आणि तिथून ती अँटेनासारखी वागते. हेन्री ऑट यांच्यासारखे ईएमसीतले (उपकरणांच्या विद्युत व्यत्ययाच्या शास्त्रातले) दिग्गज हेच सांगत आले: ग्राउंड प्लेन अखंड ठेवा, भाग मात्र नीट वाटून मांडा, डिजिटल एका बाजूला, अ‍ॅनालॉग दुसऱ्या. उच्च वारंवारतेचा प्रवाह आपल्या ट्रेसच्या खालूनच परत जातो, तो शेजारच्या अंगणात भटकत नाही. डेटाशीटमध्ये पिनांना एजीएनडी-डीजीएनडी नावं आहेत ती चिपच्या आत काय जोडलंय त्याची. बोर्ड कापा असा त्याचा अर्थ नाही.

पूर्ण आयसोलेशन करायचं असेल तर प्रश्नच वेगळा. तिथे फट खरोखर रुंद ठेवायची आणि तिच्यावरून फक्त आयसोलेटर चिप जाईल, बाकी एकही ट्रेस नाही.

जर्सीसिटीकर

अवांतर: संगीताच्या दुनियेत हा प्रश्न कधीच सोडवून ठेवलाय. १९८३ च्या मिडी (इलेक्ट्रॉनिक वाद्यं एकमेकांना जोडायच्या) मानकात प्रत्येक इनपुटला ऑप्टोकपलर बसवलेला आहे. ५ मिलिअ‍ॅम्पिअरचा करंट लूप, ३१,२५० बिट प्रति सेकंद. स्टेजवर दहा कीबोर्ड एकमेकांना जोडले तरी मिडीच्या केबलीमुळे भुणभुण येऊ नये म्हणून. मग तेच कीबोर्ड यूएसबीने लॅपटॉपला जोडायची फॅशन आली आणि भुणभुण परत आली.

चाळकरी_ऑडिओ

इतकं सगळं कशाला? अ‍ॅम्पच्या टॉपची मोठी पिन काढून टाकली की भुणभुण बंद. आमच्याकडे वर्षानुवर्षं असंच आहे.

वाईचा_वायरमन

@चाळकरी_ऑडिओ, आज घरी गेल्यावर पहिलं काम ती पिन परत लावायची. ती पिन भुणभुणीसाठी नाही, आतल्या फेजची तार सुटून बॉडीला लागली तर फ्यूज किंवा एमसीबी उडावा म्हणून आहे. पिन नसेल तर बॉडी २३० व्होल्टवर बसून राहते आणि तुमच्या आरसीए केबलमधून तो जिवंत प्रवाह लॅपटॉपच्या बॉडीपर्यंत, हेडफोनपर्यंत जातो. मंडळी, वेढा सिग्नलच्या तारेत तोडा, अर्थिंगच्या तारेत कधीही नाही. आणि घरात ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर आयसोलेटरच्या आधी त्याला पैसे घाला.

धागाकर्त्यांना एक काम: लॅपटॉप, पाय सगळं काढा आणि फक्त टीव्ही जोडलेला ठेवा. आता सेट-टॉप बॉक्सच्या मागची केबलवाल्याची गोल तार काढा. भुणभुण गेली का सांगा. ती तार बिल्डिंगभर फिरून येते, मधे कोणाच्या गच्चीवरच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेली असते, आणि तिच्या जाळीवर काय व्होल्टेज असेल याचा नेम नसतो. ती तार हातात धरताना चटका बसलेले लोक मी भरपूर पाहिलेत. काढताना सेट-टॉप बॉक्सचा टॉप आधी सॉकेटमधून ओढा, आणि एका हाताने काम करा.

विलंबित_लय

@वाईचा_वायरमन, बरोब्बर. गोल तार काढली आणि उरलेली सगळी भुणभुण एका झटक्यात बंद! म्हणजे मी लॅपटॉप ऐकत असतानासुद्धा टीव्हीची आरसीए अ‍ॅम्पला लागलेली असायची आणि तिथून ती येत होती. इनपुट निवडलेला नसला तरी ग्राउंड जोडलेलंच राहतं, हे लक्षातच आलं नव्हतं.

यूएसबीसाठी एडीयूएम४१६० वाला आयसोलेटर मित्राकडून आणून लावला. डॅक ओळखला, पण ९६ च्या वर जात नाही. माझं बहुतेक संगीत ४४.१ चंच असल्याने अडत नाही. डॅकला पॉवर आयसोलेटरच्या पोटातल्या ठोकळ्यातूनच मिळत होती, त्याने एक अगदी बारीक सीं राहिली होती. डॅकच्या मागे वेगळं ५ व्होल्टचं सॉकेट आहे, तिथे ट्रान्सफॉर्मरवाला लिनियर सप्लाय दिला आणि तीही गेली. ८ किलोहर्ट्झचा सुळका आता अ‍ॅपवर दिसत नाही.

आता टीव्हीचं. केबलच्या तारेत घालायचे छोटे आरएफ आयसोलेटर मिळतात असं वाचलं. ते लावू की ऑप्टिकल घेऊ? की ऑप्टिकल एचडीएमआय?

सोल्डरगंध

केबलच्या तारेला आरएफ आयसोलेटर चालेल, आतल्या तारेत आणि जाळीत छोटे कपॅसिटर असतात, सिग्नल जातो आणि ५० हर्ट्झ अडतो. पण हे वाचणाऱ्या डीटीएचवाल्यांनी तो लावू नये. छत्रीवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या डबीला) त्याच तारेतून १३ किंवा १८ व्होल्ट डीसी जातं, कपॅसिटर ते अडवेल आणि चित्रच येणार नाही.

ऑप्टिकल एचडीएमआयच्या नावावर जाऊ नका. अशा बऱ्याच केबलींत चित्राचे वेगवान सिग्नल काचेतून जातात, पण ५ व्होल्ट आणि हळू सिग्नलांसाठी तांब्याच्या तारा तशाच असतात, ग्राउंडसकट. शिवाय तुमच्या जुन्या अ‍ॅम्पला एचडीएमआय कुठून असणार.

टॉसलिंकच घ्या. टीव्हीपासून अ‍ॅम्पजवळ ठेवलेल्या एखाद्या छोट्या ऑप्टिकल डॅकपर्यंत. आणि टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएमवर (साध्या, न आवळलेल्या डिजिटल ऑडिओवर) ठेवा. ते डॉल्बी डिजिटलवर राहिलं तर साध्या स्टिरिओ डॅकला ते उलगडता येत नाही, एकतर काहीच येणार नाही किंवा नुसता फर्र आवाज येईल आणि तुम्ही परत इथे येऊन 'ऑप्टिकल लावूनही गोंगाट' म्हणून धागा काढाल.

नवशिक्या_ठाणे

बी०५०५एस लावला. चिर्र बंद. मॉड्यूलचा एक स्क्रू डब्याला टेकत होता, तो प्लास्टिकच्या वॉशरवर घेतला तेव्हा पूर्ण बंद झालं. वाचनखूण साठवली.